पेट्यूनिया, झिनियाची कोवळी रोपं मातीपाशी कुजून पडतायत, मदत हवी आहे (गोवा)

नमस्कार मंडळी, मी फोंड्याजवळ राहते, कौलारू घर, पुढे अंगण, मागे परस, जमीन जांभ्याची तांबडी. डिसेंबरात तुळशीभोवती आणि कठड्यावर पेट्यूनिया, साल्व्हिया, झिनिया असं सगळं फुललेलं हवंय आणि ते बियांपासूनच करायचंय, कारण नर्सरीतली तयार रोपं इथल्या दमट हवेत आल्या आल्या मलूल होतात आणि मनासारखे रंगही मिळत नाहीत.

बी उगवतं छान, झिनिया तर चार-पाच दिवसांत वर येते, पण दोन पानं आली की देठ मातीपाशी भिजल्यासारखा काळपट, बारीक होतो आणि सकाळी बघावं तर ट्रेचा अख्खा कोपरा आडवा. फार जीव तुटतो हो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळ खत निम्मं निम्मं आहे, ट्रे पडवीत, थेट पाऊस लागत नाही पण सप्टेंबरची हवा ओलीच, पागोळ्यांचे शिंतोडे येतात आणि ऊन सकाळी तासभर. वाचलेली रोपंसुद्धा लांबुडकी होऊन अंगणाकडे झुकलीत.

व्हिडिओत सांगतात ते महिने पुण्याकडचे नाहीतर दिल्लीकडचे. आपल्याकडे या नाजूक हंगामी फुलांना मारतो तो पाऊस. मग पेरणी ऑक्टोबरवर ढकलू का? पण पेट्यूनियाला बी ते फूल अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे फुलं जानेवारीत, आणि मार्चपासून उकाडा. उरलेली रोपं वाचवायला आत्ता काय करू तेही सांगा.

डिचोलीचा माळी:
ताई, ही रोपमर, बुरशीमुळे होते आणि ओल्या कोंदट ट्रेत झपाट्याने पसरते. पडलेली रोपं आजूबाजूच्या मिश्रणासकट काढून टाका, वरून पाणी घालणं एकदम बंद. ट्रे थाळीतल्या पाण्यात ठेवून खालून पाणी पाजा, तेही वरचा थर सुकलेला दिसला तरच, आणि भिजला की लगेच बाहेर काढा. कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक लिटरला अडीच-तीन ग्रॅम घेऊन एकदा मुळाशी घाला, हातमोजे घालून. पुढच्या पेरणीला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, मिश्रणात घाला, पण दोन्ही एकत्र नको, तांब्याने ट्रायकोडर्मा मरतो.

निम्मं गांडूळ खत फार झालं. बी उगवायला खत लागतच नाही, खरी पानं (पहिल्या दोन बीजपानांनंतरची) आल्यावर पातळ करून द्या. कोकोपीट धुवून घ्या आणि त्यात परलाइट (हलके पांढरे खडे) नाहीतर नदीची जाडी रेती मिसळा, समुद्राची अजिबात नको, खारी असते.

आणि सगळ्यांना एकच महिना लावू नका. पेट्यूनिया, साल्व्हिया आत्ताच पेरा, पण पडवीत नाही, अंगणात पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर करून, बाजू चारही उघड्या, म्हणजे वारा खेळतो आणि उजेड वरून मिळतो, रोपं झुकत नाहीत. पेट्यूनियाच्या बियांना उगवायला उजेड लागतो, नुसतं दाबायचं, मातीने झाकायचं नाही. झिनियाला मुळं हलवलेली खपत नाहीत, ती पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी थेट जागेवर अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, दोनेक महिन्यांत फुलते, नाताळ गाठते.

परसबाग_साखळी:
मुंग्यांकडे लक्ष ठेवा, आमच्याकडे बारीक बी एका रात्रीत गायब होतं. ट्रे स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाणी मात्र बदलत राहा नाहीतर डास. आणि तांबडी माती आंबट असते, वाफ्यात शेणखत भरपूर घाला, चुना मात्र माती तपासूनच, जुन्या गोव्याला एला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे तिथे विचारून बघा.

मूळ धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे! माडांची सावली नाही अशी जागा विहिरीजवळच आहे, उद्या तिथेच प्लॅस्टिक बांधून घेते. एक राहिलं, लांबुडकी झालेली पेट्यूनिया खोल लावली तर चालेल की देठ परत कुजेल?

डिचोलीचा माळी:
खरी पानं चार-पाच झाली की खालच्या पानांपर्यंत खोल लावा, चालतं. फक्त सलग दोन-तीन दिवस उघाडी असेल तेव्हाच.