दिवसभराच्या कामात देवाचे स्मरण टिकते का?

लेथवाला (खानापूर तालुका) विचारतात:

रामकृष्णहरी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रावर) कामाला आहे. घरात आजोबांपासून माळ आहे. गावच्या विठ्ठल मंदिरात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो आणि पाळी जुळली तर मी तो चुकवीत नाही. अडचण आहे ती सकाळी गंध लावून बाहेर पडल्यापासून पुन्हा देवळाच्या पायरीशी येईपर्यंतच्या वेळेची. एवढ्या वेळात देव आठवतो तो फक्त क्रेनला जड जॉब (कातायचा धातूचा भाग) लटकलेला असताना, म्हणजे भीतीपोटी. मोबाइलवर तासातासाला घंटा लावून पाहिली, पण थोड्याच दिवसांत हात ती घंटा न ऐकताच बंद करू लागला. मनात नाम घेत मायक्रोमीटर धरला, तर आकड्यावरचे लक्ष ढळते. आकडा नीट पाहिला, तर नाम सुटते. कीर्तनात ‘अखंड स्मरण’ ऐकतो तेव्हा असे वाटते की, हे सांगणाऱ्यांना मोजमापाचे काम कधी करावे लागले नसावे. ज्यांनी हे प्रत्यक्ष साधले आहे, त्यांनी कृपया मार्ग सांगावा.

वडगावची मावशी यांचे उत्तर:

दादा, आमच्या घरी यंत्रमाग आहेत, म्हणून यंत्राजवळ उभे राहून जे कळले तेवढेच लिहिते. कामे दोन प्रकारची असतात: हाताची आणि डोक्याची. जनाबाईंचे दळणकांडण, सावता माळ्यांचे अरणच्या मळ्यातील काम, ही हाताची कामे. हात चालत राहतात आणि तोंड मोकळे असते, म्हणून तेथे नाम सहज बसते. माग चालू असताना माझेही तसेच होते. त्या खडखडाटात मी मोठ्याने अभंग म्हटला तरी शेजारच्या मागावरच्या माणसाला ऐकू जात नाही. मात्र तार तुटली, ती शोधून जोडायची असली किंवा मजुरीचा हिशेब करायचा असला की मी नामाचा आग्रह धरीत नाही. तार जोडून माग पुन्हा सुरू करताना ‘विठ्ठल’ म्हणते आणि कांडी बदलतानाही म्हणते.

घंटा मोबाइलची असल्यामुळे ती बाहेरून येते आणि कामात अडथळा होते. तुमच्या कामातच अशा जागा असतील. जॉब चकमध्ये (लेथच्या पकडीत) आवळून झाला, कट सुरू केला, पाळी संपल्यावर बुरादा झाडायला घेतला, या जागा रोज येणारच आहेत आणि त्या कोणी बंद करू शकत नाही. तेथे नाम बांधून ठेवा.

अनगोळचे गुरुजी यांचे उत्तर:

मावशींनी केलेली विभागणी उपयोगाची आहे. परंतु डोक्याच्या कामाला स्मरणातून सूट दिली, तर नोकरदार माणसाच्या वाट्याला फारच थोडे उरेल, असे मला वाटते. दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती सांगितली असून तिसरा समास स्मरणभक्तीचा आहे, आणि त्यात समर्थांनी चालता, बोलता, खाता, जेविता यांच्या जोडीने ‘धंदा करितां’ हे शब्द स्पष्टपणे घातले आहेत. गीतेच्या आठव्या अध्यायातही अर्जुनाला ‘माझे स्मरण कर आणि युद्ध कर’ असे एका दमात सांगितले आहे; आणि शत्रूवर नेम धरणाऱ्याला मणी ओढण्यास सवड नसते, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक होतेच.

आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची गोष्ट नाथांची आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना एकनाथ हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर बसले आणि ती सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. स्वामींनी त्यांना, हिशेब करताना नाम का घेतले नाही, असे विचारले नाही. एका पैसाठी जे चित्त इतके एकाग्र झाले, तेच भगवंताकडे लागले तर काय होईल, एवढेच त्यांच्या लक्षात आणून दिले. म्हणजे मायक्रोमीटरवर स्थिरावणारे आपले लक्ष हे नामाचे वैरी नसून साधनेचे भांडवलच आहे. मोजण्यापूर्वी क्षणभर ते काम देवाचे म्हणून हाती घ्यावे, मोजताना केवळ मोजावे आणि आकडा लिहून झाल्यावर पुन्हा नामाकडे वळावे.

आपल्याच भागातील बाळेकुंद्रीचे पंत महाराज (१८५५–१९०५) बेळगावात शाळामास्तर होते. त्यांनी प्रपंच केला, मुले शिकवली आणि त्यातूनच पदेही रचली. कारखाना सोडल्याशिवाय भक्ती जमणार नाही, असे मनात येईल त्या दिवशी त्यांची समाधी पाहून यावे. उद्यमबागेतून ती फार लांब नाही.

गोकाककर यांचे उत्तर:

आमचे घर लिंगायत आणि घरची भाषा कन्नड. मराठी शेजाऱ्यांकडून शिकलो. त्यामुळे चर्चेत थोडा वेगळा सूर येईल, तो गोड मानून घ्यावा. बाराव्या शतकातील शरण (शिवभक्त संत) आयदक्की मारय्या यांचे एक वचन आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. कायकात, म्हणजे आपल्या कष्टाच्या कामात, रमलेल्याने गुरुदर्शनही विसरावे, लिंगपूजाही विसरावी, कारण कायक हाच कैलास, असा त्याचा भाव आहे. तेव्हा कामात देव आठवला नाही म्हणून आपण ज्याची खंत करीत आहात, त्याला मारय्या दोष मानणार नाहीत.

त्यांनी परीक्षा घेतली असती ती दुसरीकडे. मारय्या सांडलेले तांदूळ वेचून उपजीविका करीत. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा यांनी जास्तीचे तांदूळ परत नेऊन टाकायला लावले. देवाची आठवण त्या घरात अशी राहत होती. गुरुजी, मोजण्याआधी आणि मोजल्यानंतर काय म्हणावे हे आपण सांगितले. पण मापात किंचित कमी भरलेला जॉब तपासणीतून निसटेल असे दिसत असताना तो बाजूला काढून ठेवणे, हे नाम घेण्याहून कमी स्मरण आहे काय? माझ्या मते तेथेच ते सर्वांत खरे असते, कारण पाहणारे दुसरे कोणी नसते. (कारखान्याचा फलक कोणत्या भाषेत असावा, हा वाद बाहेर खुशाल चालू राहो, आतल्या मापाला भाषा नाही.)

लेथवाला लिहितात:

आपणा तिघांचा ऋणी आहे. मावशींनी सांगितलेल्या जागांपैकी चक आवळण्याची जागा मला जमते आहे. कट सुरू झाल्यावर मात्र मन लगेच पुढच्या जॉबकडे धावते. गोकाककरांचे म्हणणे झोंबले, कारण तपासणीतून निसटणारे जॉब आमच्याकडे रोज असतात आणि ते बाजूला काढले की सुपरवायझरची बोलणी खावी लागतात. त्या क्षणी राग येतो आणि रागात तर काहीच आठवत नाही. शिवाय पुढील आठवड्यात माझी दुसरी पाळी आहे, म्हणजे हरिपाठही चुकणार.

वडगावची मावशी लिहितात:

दादा, वारीत आपण ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या पाया पडतो आणि त्याला माउली म्हणतो. तोच माणूस कारखान्यात सुपरवायझर होऊन समोर उभा राहिला की आपल्याला तो माउली वाटत नाही, हे माझ्याही बाबतीत खरे आहे. सुताच्या व्यापाऱ्याशी बोलताना मला ते रोज जड जाते. त्याच्यावरचा राग आवरेल तेव्हा आवरेल. तोवर पाळी बदलताना तुमच्या यंत्रावर येणाऱ्या माणसाला मनातून नमस्कार करून यंत्र पुसून द्या. त्याच्याशी तुमचे भांडण नाही, म्हणून तेथून सुरुवात सोपी जाईल.

हरिपाठाचे म्हणाल तर तो देवळातच म्हटला पाहिजे असे नाही. दुसऱ्या पाळीला निघताना खानापूर-बेळगाव बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, तर उद्यमबाग येण्यापूर्वी तो सावकाश म्हणून होतो. जागा मिळाली नाही तर उभ्याने म्हणा.