विमानांच्या सिगारेट कार्डांचा जुना अल्बम सापडलाय, कार्डं सुटी करावीत का?

महालकर:
आजोबा कामठीच्या छावणीत कारकून होते. नागपूरच्या महाल भागातलं घर रिकामं करताना त्यांच्या पेटीत प्लेयर्स सिगारेटच्या पाकिटात मिळणाऱ्या चित्रकार्डांचा अल्बम निघाला, 'एअरक्राफ्ट ऑफ द रॉयल एअर फोर्स' (म्हणजे ब्रिटिश विमानदलाची विमानं), 1938 चा. सगळी 50 कार्डं चिकटवलेली आहेत, रंग टवटवीत, कडा जरा पिवळ्या. भाऊ म्हणतो, भिजवून काढू आणि फ्रेम करू. निघतील का? किंमत किती येईल?

इतवारीचा_संग्राहक:
भाऊ, हात जोडतो, भिजवू नका. ही कार्डं पाठीला डिंक लावूनच मिळायची आणि अल्बम वेगळा, एका पेनीला. कार्ड चिकटलं की पाठीवरचा मजकूर झाकला जातो, म्हणून विमानाची माहिती अल्बमच्या पानावर छापलेली असते. सुटं केलंत तर चित्र एकीकडे आणि माहिती दुसरीकडे.

आता अल्बम उघडा आणि ग्लॉस्टर ग्लॅडिएटर काढा. पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक, मध्ये खांब आणि तारा, चाकं खाली तशीच. मग हॉकर हरिकेन पहा. पंखांची एकच जोडी, चाकं आत ओढून घेता येणारी. ग्लॅडिएटर हे रॉयल एअर फोर्सचं शेवटचं दुपंखी लढाऊ विमान, आणि हरिकेन डिसेंबर 1937 मध्ये दलात आलं. महायुद्धाच्या तोंडावर विमानदल कसं बदलत होतं, ते या एका संचात दिसतं. मला तरी यापेक्षा मोलाचं काही वाटत नाही.

पैशाचं म्हणाल तर हे संच अफाट संख्येनं छापले गेले, त्यामुळे फार येणार नाहीत. विकू नका. 1940 पर्यंत कागदटंचाईनं ही कार्डंच बंद पडली.

धरमपेठ_वाचक:
कूलरच्या खोलीत ठेवू नका, एवढं माझं ऐका. आपल्याकडे मे महिन्यात कूलर दिवसभर ओली हवा फेकतो आणि जुना डिंक पुन्हा पाझरतो. एका मित्राच्या अल्बमची पानं अशीच एकमेकांना चिकटली. पानांमध्ये आम्लविरहित पातळ कागद घाला. लॅमिनेशन नको, पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटंही नकोत.

महालकर:
हरिकेन भावाला दाखवलं, ऐकला तो. आता एकेका पानाचा फोटो काढून प्रिंट फ्रेम करतो. आम्लविरहित कागद सीताबर्डीत कुठल्या दुकानात मिळेल?