शाळांचं काय?

कोरोनाच्या काळात लॉकडाऊनचे निर्बंध नसते तर आणखी माणसं गेली असती, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एप्रिल-मे २०२१ मध्ये बेडसाठी आम्हीही रात्र-रात्र फोन फिरवलेत. पण निर्बंध हवेत की नकोत, एवढ्यावरच वाद का थांबतो? काय आधी उघडलं, ते बघा ना. महाराष्ट्रात हॉटेलं, बार ऑक्टोबर २०२० मध्ये ५० टक्के क्षमतेने सुरू झाले. पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० ला बंद झाले, ते उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला, आणि जानेवारीत पुन्हा कुलूप!

आमच्या शेजारची मुलगी तेव्हा पहिलीत होती. घरात एकच मोबाईल, तो वडिलांबरोबर कामावर जायचा. ती थेट तिसरीत जाऊन बसली तेव्हा तिला 'कमळ' वाचता येत होतं, 'कुत्रा' म्हटलं की अडायची. जोडाक्षरं तिला कुणी शिकवलीच नव्हती. रोज संध्याकाळी पाटी घेऊन आमच्याकडे यायची, चुकलं की रडायची. रुग्णांचे आकडे रोज संध्याकाळी जाहीर व्हायचे. या मुलांची मोजदाद तेव्हाच का झाली नाही, याचा मला आजही राग येतो.