मदत हवी आहे: बाबांची जुनी सिगारेट सुटत नाहीये

बाबा तरुणपणापासून सिगारेट ओढतात. सोडायची इच्छा आहे, पण उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटतेच. हे निकोटीनचं अवलंबित्व जास्त असल्याचं लक्षण, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्वचेवर चिकटवायचा निकोटीनचा पॅच आणि तलफ आली की ४ मिलीग्रॅमचा निकोटीन गम दिलाय. बाबा तो साध्या च्युइंगमसारखा चघळत सुटतात, मग उचक्या आणि मळमळ. थोडा चावून गालात धरायचा, कॉफीनंतर लगेच घ्यायचा नाही, हे सांगून थकलो. (माझं ऐकतील तर ते बाबा कसले!)

आता व्हॅरेनिक्लिनच्या (सिगारेटची तलफ कमी करणारं औषध) गोळ्यांचा विचार चालू आहे. इतकी जुनी सवय त्याने कुणाची सुटली का? झोपेचा, विचित्र स्वप्नांचा त्रास झाला? आणि सुरुवातीची चिडचिड घरच्यांनी कशी निभावली?