कौटुंबिक न्यायालयात पुढची तारीख मागताना : तुमचे अनुभव लिहा

निशिगंध (धागाकर्ती)
मागच्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा तारीख वाढवून मागितली. लेकीचा बारावीचा पेपर आणि माझी उलटतपासणी एकाच दिवशी आली होती. वकीलबाईंनी चार दिवस आधीच प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, घ्यायला लावलं. "अर्ज मी देते, पण तुम्ही समोर हव्यात," म्हणाल्या. पानभर अर्ज, वर कोर्ट फीचं तिकीट, मागे हॉलतिकिटाची झेरॉक्स. न्यायाधीशांनी कडेला लिहिलं, समोरच्यांचं म्हणणं घ्या. त्यांच्या वकिलांनी खाली खरडलं, 'तीव्र हरकत, निव्वळ वेळकाढूपणा.' ते वाचून घशाशी आलं. शेवटी आदेश झाला : मंजूर, पाचशे रुपये खर्चासह (म्हणजे समोरच्यांच्या खर्चापोटी मी भरायचे).
तुम्ही काय कारण दिलंत, कोणता कागद जोडलात, पुढे काय झालं? लिहा. नावं आणि केस नंबर मात्र नकोत.

कृष्णाकाठ
वडिलांची बायपास होती. मी वकिलांना फोन केला, ते "बघतो" म्हणाले आणि मी निर्धास्त झालो. पुकारा झाला तेव्हा आमच्या बाजूचं कोणीच नव्हतं. रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या त्या तारखेच्या नोंदीत) लिहिलं गेलं : जाबदार (म्हणजे मी, ज्याच्यावर केस आहे तो) गैरहजर, प्रकरण एकतर्फी चालवावे. मला हे सतरा दिवसांनी ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर कळलं. मग तो आदेश रद्द करण्यासाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, डिस्चार्ज कार्ड, खर्च. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून दोन ओळी लिहिल्या असत्या आणि भावाने त्या कोर्टात नेऊन दिल्या असत्या, तर न्यायाधीशांपुढे निदान एक कागद तरी असता.

एक आई
मी तारखा सोसणाऱ्यांतली. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने, दहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन पुण्याला शिवाजीनगरच्या कोर्टात जायचे. अंतरिम पोटगीचा अर्ज होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्येच लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्याचा निकाल लागावा. माझा दीड वर्ष लोंबकळला. कधी नवऱ्याला ताप, कधी वकील दुसऱ्या कोर्टात, कधी मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र तयार नाही. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून ते दोघांनाही द्यावंच लागतं.
सातव्या वेळी मी स्वतः बोलले. एसटीची तिकिटं पिशवीत साठवली होती, ती पुढे ठेवली. न्यायाधीश मॅडमना म्हटलं, "मॅडम, मुदत द्या, पण माझ्या येण्याजाण्याचे पैसे द्यायला सांगा, आणि ही शेवटची आहे असं लिहा." मॅडमनी एकेक तिकीट उलटून पाहिलं. रोजनाम्यात 'अखेरची संधी' आलं. पुढच्या तारखेला प्रतिज्ञापत्र हजर!
आजारपण कोणालाही येतं, त्याबद्दल माझा राग नाही. पण आदल्या संध्याकाळी नुसता निरोप आला असता, तरी मी बाळाला साडेतीनला उठवलं नसतं.

काळा कोट
वकिली करतो म्हणून भर घालतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ प्रमाणे सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, आणि 'वकील दुसऱ्या कोर्टात आहेत' हे कारण धरूच नये. खरोखरच्या अपवादात्मक अडचणीत त्यापुढेही मुदत देता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलंय. त्यामुळे पहिल्या तीन किरकोळ कारणांवर घालवू नका. खरी अडचण नंतर येते, आणि तेव्हा रोजनामा तुमच्या विरुद्ध बोलतो.

वाळवंट
मी आखातात असतो. परस्परसंमतीने घटस्फोटाच्या अर्जातला दुसरा जबाब बाकी होता, रजा मिळेना. मुदतीवर मुदत घ्यायचं मनात होतं, पण वकिलांनी अडवलं, कारण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब मध्ये त्या दुसऱ्या टप्प्यासाठी अर्जापासून ६ ते १८ महिन्यांची चौकट आहे. त्याऐवजी व्हीसीची (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची) परवानगी मागितली, ती मिळाली. कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट धरला, वीस मिनिटांत काम झालं.

निशिगंध
एक आई, तुमचं दोनदा वाचलं. माझ्या अर्जाच्या वेळी त्यांचे वकील सांगत होते की पक्षकाराने नागपूरहून यायचं तिकीट काढलंय, रजाही टाकलीय. मी तेव्हा ऐकूनच घेतलं नाही. ते पाचशे रुपये मी रागारागाने भरले होते.