काऊबॉय गाणी: गुराख्यांची की हॉलिवूडची?

रानवाट
ज्याला आपण 'वेस्टर्न' संगीत म्हणतो, म्हणजे अमेरिकन काऊबॉयची गाणी, ते गुरांमागे जन्मलेलंच नाही, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत जन्मलं, असं माझं मत आहे. टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनांपर्यंत कळप हाकत नेण्याचा मोठा जमाना १८६६ ते साधारण १८८५, म्हणजे जेमतेम वीस वर्षांचा. आपल्या कानात असतात ती 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या गायकगटाची तीन आवाजांत जुळवलेली गाणी. हा गट १९३३-३४ साली लॉस एंजेलिसमध्ये उभा राहिला. त्यातला रॉय रॉजर्स मूळचा सिनसिनाटी शहरातला, गीतकार बॉब नोलन कॅनडाचा. योडलिंग, म्हणजे गळा झटकन खालून वर उडवत गाणं, लोकप्रिय केलं जिमी रॉजर्सने, १९२७ नंतर. तो मिसिसिपीचा, रेल्वेत काम केलेला.

आता एक साधा प्रश्न. रात्री कळपाभोवती दोघंच स्वार फिरायचे, तेही एकमेकांच्या उलट दिशेने. मग ही तीन आवाजांची हार्मनी गायची कुणी? आणि सामान सगळं स्वयंपाकाच्या एका गाडीत, अंगावर चाबूक, दोर, पावसाचा कोट. गिटार कुठे बांधणार?

खर्जातला
साफ असहमत. गिटार नव्हती हे मान्य, पण गाणं होतं आणि ते कामाचं होतं. दोन-अडीच हजार जनावरं रात्री बसवली की पहाऱ्याला दोघं, साधारण दोन-दोन तासांच्या पाळीने. घोडा चालीवर, गाणं खालच्या पट्टीत, स्वर लांबवून. अंगाई वगैरे नंतरच्यांनी चिकटवलं. खरा उपयोग असा की स्वार कुठे आहे ते गुरांना सतत कळत राहतं. अंधारात आवाज न करता कुणी अचानक शेजारून गेलं, काडी ओढली, घोड्याने अंग झटकलं, की एक बैल दचकून उठतो आणि त्याच्यामागे अख्खा कळप उधळतो. म्हणून मधेच गप्प होणं हे बेसूर गाण्यापेक्षा वाईट. शब्द संपले तर स्तोत्रं म्हणायची, तीही संपली तर नुसतं गुणगुणायचं.

आणि तारखा पाहा. काऊबॉय गाणी गोळा करणारे दोघं: जॅक थॉर्पचं गाण्यांचं पुस्तक १९०८ चं, जॉन लोमॅक्सचं १९१० चं. तेव्हा सिनेमा मुका होता.

रानवाट
थॉर्पचं नाव काढलंत ते बरं झालं. हा माणूस १८८९ पासून छावण्या-छावण्यांत फिरून गाणी गोळा करत होता. त्यानेच लिहून ठेवलंय की चांगल्या गळ्याचा काऊबॉय त्याला भेटलाच नाही, मुळात गळा असला तरी गुरांवर ओरडून ओरडून जायचा. म्हणजे गाण्याचा उपयोग होता, संगीत नव्हतं. आणि आज आपल्याला आवडतं काय? आवडतं ते स्टुडिओतलं.

दुडकी
पण ताल तर घोड्याचाच ना? ती डुलती लय ऐकली की सरळ खोगीर दिसतं.

चौथी_तार
@दुडकी, हे सगळीकडे छापलेलं असतं, पण मात्रा मोजून बघा. घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोनाची, कॅंटर (हलकी दौड) तीनाचा. 'स्ट्रीट्स ऑफ लारेडो', 'होम ऑन द रेंज', 'गुडबाय ओल्ड पेंट' ही सगळी तीन मात्रांची. झोपलेल्या गुरांभोवती कॅंटर मारणाऱ्याला मुकादमाने तिथल्या तिथे हाकललं असतं! तीनाचा ताल आयरिश-इंग्लिश चालींतून आणि वॉल्ट्झ नाचातून आला. टापांचा टकटक आवाज सिनेमावाल्यांनी पोकळ लाकडी ठोकळे वाजवून घातला.

गिटारवर वाजवून पाहा. 'लारेडो' जवळजवळ अख्खं जी आणि डी-सेव्हन या दोन कॉर्डवर निघतं, दर आवर्तनाला बदल. समेवर अंगठ्याने एकच खर्जाची तार (जीला सहावी तार तिसऱ्या पडद्यावर, डी-सेव्हनला चौथी मोकळी), मग दोन आणि तीनवर फक्त बारीक तारांवर हलके स्ट्रोक. नवशिके तिन्ही मात्रांवर सहाही तारा सारख्याच जोराने झोडतात. मग खर्ज बुडतो आणि मरणाऱ्या माणसाचं गाणं जत्रेतल्या पाळण्यासारखं वाटायला लागतं.

खर्जातला
'लारेडो' माझ्याच बाजूचं आहे. मूळ बॅलड ब्रिटन-आयर्लंडमधलं, गुप्तरोगाने मरणाऱ्या तरुणाचं. तिथे तो सैनिक असतो, म्हणून अंत्ययात्रेत ढोल आणि बासरी. काऊबॉयने गाणं उचललं, रोगाच्या जागी गोळी घातली, पण ढोल-बासरी तशीच राहिली. धुळीच्या गावात गोळी लागून मेलेल्या गुराख्याला लष्करी बँड कुठून? स्टुडिओतल्या लेखकाने हा सांधा घासून गुळगुळीत केला असता. तोंडोतोंडी आलेलं गाणं असं उघडं पडतं.

बिनखोगीर
तुम्हा दोघांच्याही हिशोबात न बसणारं एक गाणं आहे. 'होम ऑन द रेंज' ना गुराख्याचं, ना हॉलिवूडचं. कॅन्ससमधल्या ब्रूस्टर हिग्ली या डॉक्टरची १८७० च्या दशकातली कविता, चाल डॅनियल केलीची. ध्रुवपदातलं 'ऑन द रेंज' मूळ कवितेत नव्हतंच, ते गाता गाता आलं. लोमॅक्सला हे गाणं मिळालं सॅन अँटोनियोतल्या एका कृष्णवर्णीय दारूगुत्तेवाल्याकडून. १९३४ मध्ये ॲरिझोनातल्या एका जोडप्याने ते आपलं म्हणून पाच लाख डॉलरचा दावा ठोकला, रेडिओवाल्यांनी घाबरून गाणं बंद केलं. शेवटी एका वकिलाने गावोगाव हिंडून कॅन्ससचा उगम शोधला.

'गुडबाय ओल्ड पेंट'ही कृष्णवर्णीय माणसाकडूनच आलं. गुलामगिरीतून सुटलेल्या चार्ली विलिस या काऊबॉयने ते जेस मॉरिसला लहानपणी शिकवलं आणि मॉरिसचं गाणं १९४२ मध्ये लोमॅक्सने ध्वनिमुद्रित केलं. लॅरिएट (फासाचा दोर), रोडिओ (काऊबॉयचे खेळ), चॅप्स (पायांवरचं चामडी आवरण) हे शब्द मेक्सिकोच्या वाकेरोंचे, म्हणजे तिथल्या गुराख्यांचे. सिनेमाने काही केलं असेल तर ही माणसं पडद्यावरून पुसली.

रानवाट
पुसली, हे मान्य. पण टिकलं काय ते सांगा. मार्टी रॉबिन्सचं 'एल पासो', १९५९. साडेचार मिनिटांच्या वर, रेडिओवर तेव्हा गाणं तीनच्या आसपास संपायचं, म्हणून कंपनीने कापलेली आवृत्तीसुद्धा काढली. तरी पहिल्या क्रमांकावर गेलं. घोळवून म्हणायला ध्रुवपद नाही, सरळ गोष्ट पुढे जाते, मागे ग्रेडी मार्टिनची स्पॅनिश ढंगाची गिटार. हे स्टुडिओचंच कर्तृत्व.

चौथी_तार
तेही तीन मात्रांचं आहे, आणि निवेदक शेवटी मरतो. म्हणजे 'लारेडो'च. स्टुडिओने गिटार सुरात लावून दिली, एवढंच.

रानवाट
'एवढंच' नाही. गिटार बेसुरी असती तर तुम्ही दोन कडवीसुद्धा ऐकली नसती.