खेळ चालवणाऱ्याला पुस्तकानं किती सांगावं?

सुकती-भरती (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. मागचा प्रसंग सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

पावसात होड्या वर ओढलेल्या असतात, संध्याकाळ रिकामी असते. यंदा जूनमध्ये आम्ही पाच जणांनी आमच्या पडवीत डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे गोष्टीतली पात्रं होऊन फासे टाकत खेळायचा खेळ, सुरू केला. डीएम, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा, मी. त्याआधी कुणाचा खेळ जवळ बसून पाहिलेला नव्हता. डीएमसाठीचं २०१४ सालचं ३२० पानी पुस्तक मात्र मे महिन्यात पेन्सिलनं खुणा करत वाचून काढलं होतं.

तिसऱ्या सेशनला मी समुद्राकाठची गुहा रचली. तोंडाशी दोन पहारेकरी, आत चाचे, शेवटी त्यांचा म्होरक्या. खेळणाऱ्यांत माझा आतेभाऊ आहे, त्याच्या घरची होडी आहे. वर्णन ऐकून त्यानं पहिलंच विचारलं, "गुहेत पाणी शिरता? मगे सुकतला कधी?" मी गप्प. तोच पुढे म्हणाला, उधाणाचे (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे) दिवस धरूया. भरतीला आतले सगळे मागच्या उंचवट्यावर जाऊन बसणार. तेवढ्यात आपण त्यांची होडी सोडून देऊ, लढायचं कशाला? बाकीचे तिघे लगेच त्याच्या बाजूनं.

मी दहा मिनिटं पानं उलटत राहिलो. गुदमरण्याचा नियम सापडला. अवघडपणाचा, म्हणजे फाशाची बेरीज निदान किती हवी त्याचा, तक्ता सापडला: सोप्याला १०, मध्यमला १५, कठीणला २०. पण मी योजलेली लढाई होणारच नसेल तर पुढे काय करायचं, हे त्या घाईत कुठे शोधू? शेवटी म्हटलं, "या गुहेत पाणी शिरत नाही." आतेभावानं हातातला फासा खाली ठेवला. बोलला काही नाही. पण त्यानंतर तासभर त्यानं एकही प्रश्न विचारला नाही, टर्न आली की नुसतं "मारतंय" म्हणायचा. हे माझ्या मनातून अजून जात नाही.

त्या पुस्तकात पहिलं प्रकरण स्वतःचं जग कसं घडवावं यावर, दुसरं देवलोकासारख्या निरनिराळ्या विश्वांच्या मांडणीवर, आणि खेळ प्रत्यक्ष कसा चालवायचा ते थेट आठवं. मला देवलोकांची नावं येत होती आणि समोर बसलेल्या माणसाला काय उत्तर द्यावं ते येत नव्हतं. तुमचं मत सांगा: पुस्तकानं नवख्या डीएमला किती हात धरून न्यावं?

घाटमाथा (चिपळूण)

माझं मत थोडं उलट आहे. १९७४ साली हा खेळ आला तेव्हा एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका होत्या. त्यांत कितीतरी गोष्टी सांगितलेल्याच नव्हत्या. लोकांनी आपापल्या घरी त्या ठरवल्या आणि त्यातूनच खेळ वाढला. पुस्तक जितकं जास्त सांगेल तितका डीएम पुस्तकात डोकं घालून बसेल. तुम्ही तेच केलंत, दहा मिनिटं. समुद्र तुम्हाला पुस्तकापेक्षा जास्त माहीत आहे. "हो, शिरतं" म्हणायला कुठल्या पानाची गरज होती?

पेटी-पखवाज (कुडाळ)

आमच्या घरात दशावतार आहे, म्हणून लिहिते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता आजचं आख्यान कुठलं, कोण कुठली भूमिका करणार, प्रवेशांचा क्रम काय, एवढं ठरतं. संवाद रंगमंचावर उभं राहून बोलायचे. बाहेरच्या माणसाला वाटतं, यांना कुणी काही शिकवलेलंच नाही. पण माझे काका पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्या गाठीला कितीतरी जत्रांच्या रात्री होत्या. राजा रागावला की ऋषीनं काय बोलायचं, हे त्यांच्या कानात होतं. ज्यानं एकही रात्र जागवलेली नाही, त्याला "तुझं तू बोल" म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

खडपावरचा (रत्नागिरी)

अपोकॅलिप्स वर्ल्ड नावाच्या अशाच एका खेळाचं पुस्तक वाचा. २०१० चं आहे, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचं. त्यात चालवणाऱ्यासाठी कामाची यादीच आहे: येणारं संकट आधी दाखवा, किंमत लावून किंवा न लावता संधी द्या, मंडळींची ताटातूट करा. सगळे तुमच्या तोंडाकडे बघायला लागले की यातलं एक उचलायचं. कथानक आधी रचून ठेवू नका, हेही स्पष्ट लिहिलंय. आणि ब्लेड्स इन द डार्क या आणखी एका खेळातलं घड्याळ: कागदावर वर्तुळ काढून चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि संकट जवळ येईल तसे भरत जायचे. तुमच्या भरतीला सहा भागांचं अगदी चपखल बसेल.

सुकती-भरती (वेंगुर्ला)

घाटमाथा, दहा मिनिटांचं तुमचं म्हणणं मान्य. पण १९७४ च्या त्या पुस्तिका घेणारे बरेचसे आधीपासून सैन्याच्या छोट्या बाहुल्या मांडून युद्धाचे खेळ खेळणारे होते. लढाईसाठी तर 'चेनमेल' नावाचे आधीचे नियम जवळ असल्याचं गृहीत धरलं होतं. कुडाळच्या ताई म्हणतात तशा त्यांच्या जत्रा पाहून झाल्या होत्या. माझ्या पडवीत कुणाच्याच झाल्या नव्हत्या. २०२४ च्या नव्या आवृत्तीत खेळ कसा चालवायचा हे दुसऱ्याच प्रकरणात आणलंय, ते उगीच नसावं.

ताई, तुमचं वाचून रविवारी आतेभावाकडे गेलो. म्हटलं, माझं चुकलं, गुहेत पाणी शिरतं, तिथूनच परत खेळूया. मग विचारलं की भरती तू कुठल्या तक्त्यावरून सांगतोस. तो म्हणाला तक्ता नाही, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा वाजता, षष्ठीला साडेचारला. पुढे साधारण सहा तासांनी सुकती. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं.

एका ओळीचा हा हिशेब ज्या दिवसाबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही त्या दिवशीही उपयोगी पडतो. मला पुस्तकाकडून असं हवं होतं. पाणी, आग, दोरी यांचे आणखी नियम नकोत. खेळणाऱ्यानं अनपेक्षित काही केलं तर आधी काय विचारायचं, कधी "हो" म्हणायचं, त्याची किंमत कशी लावायची, हे चार ठिकाणी प्रत्यक्ष संवादासकट दाखवायला हवं. "काय होतं ते डीएम ठरवतो" एवढ्यावर सोडू नये.

काल परत खेळलो. गोष्टीतली तिथी षष्ठी धरली, उधाणाचा नाद आतेभावानंच सोडला. सहा भागांचं वर्तुळ काढून मध्ये ठेवलं आणि साडेचारच्या भरतीपासून एकेक भाग भरत गेलो. होडीची दोरी त्यानं कापली नाही, नुसती सैल केली. म्हणाला, सुकतीच्या ओढीनं ती आपसूक बाहेर येईल, कुणाला आवाजही जाणार नाही. तिसरा भाग भरला तेव्हा गुहेच्या तोंडातून होडीची नाळ (पुढचं टोक) दिसायला लागली आणि आतून कुणीतरी ओरडलं. तिथे थांबलोय. पुढचं सेशन शनिवारी.